सुगीच्या सणाला साक्ष द्यायची आहे, पण स्तुती कशाची करू तेच कळत नाही

ढोलकीवाल्याची_बायको
सोमवार, रात्री १०:४०

सगळ्यांना सलाम. लिहू की नको करत चार दिवस घालवले. आज पोरं लवकर झोपली, म्हणून लिहायला बसले.

मी नेवासा तालुक्यात एका आरोग्य उपकेंद्रावर एएनएम, म्हणजे नर्स आहे, १९ वर्षं झाली. आमचे हे छोटा हत्ती चालवतात, जास्त करून घोडेगाव मार्केटचा कांदा. आणि रविवारी चर्चमध्ये ढोलकी. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने चौकशी केली होती, मुलगा पितो का? तर कोणीतरी सांगितलं, पीत नाही, पण ढोलकी दिसली की जेवणाचं भान राहत नाही. ते अजून तसंच आहे.

जूनमध्ये ह्यांना ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, पहाटे बनियन पिळून काढावं इतका घाम. मानेला उजवीकडे बोराएवढी गाठ. मला लगेच टीबीच वाटला. खरं सांगायचं तर टीबीच निघो असं मनात धरून बसले, कारण टीबीला औषध आहे आणि ते माझ्याच कपाटात आहे. सुईने तपासलं, रिपोर्ट आला की टीबीसारखं दिसतंय, खात्रीने सांगता येत नाही. टीबीचे जंतू शोधायची सीबीनॅट तपासणी निगेटिव्ह. डॉक्टरांनी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकेटी, म्हणजे टीबीचं औषध सुरू केलं. निक्षयवर, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी नोंदीत, ह्यांचं नाव मी माझ्या हाताने भरलं. दुसऱ्यांची नावं भरताना कधी बोटं अडखळली नव्हती.

पंधरा दिवसांत ताप उतरला. त्या रविवारी मी उभी राहिले आणि साक्ष दिली, की प्रभूने ऐकलं, ह्यांना बरं केलं. सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली. एका आजींनी येऊन माझे मुके घेतले.

सप्टेंबर संपता संपता गाठ लिंबाएवढी झाली, शेजारी आणखी दोन उठल्या. डॉक्टर म्हणाले, दोन शक्यता आहेत. गाठीच्या टीबीत कधी कधी औषध लागू पडत असतानाच गाठ वाढते, मरणाऱ्या जंतूंवर शरीर उसळतं म्हणून. नाहीतर निदानच चुकलंय आणि हा लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर आहे, त्यातही सुईच्या तपासणीत टीबीसारखं चित्र दिसू शकतं. म्हणजे गाठ तीच. एका हिशेबाने ती बरं होण्याची खूण, दुसऱ्या हिशेबाने आमचे चार महिने वाया गेले. आता अख्खी गाठ काढून पुण्याला पाठवलीय. दहा दिवस म्हणाले होते, आज सतरावा.

येत्या रविवारी आमच्या चर्चमध्ये सुगीचा सण, पिकाबद्दल देवाचे उपकार मानायचा. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी सांगितलंय, "तुम्ही ऑगस्टमध्ये साक्ष दिली होती, आता पुढची द्या, स्तुती थांबवायची नाही." त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण मी उभी राहून काय म्हणू? गाठ वाढली म्हणून धन्यवाद? आणि मुख्य म्हणजे, ऑगस्टची माझी साक्ष खोटी ठरली का? ती मागे घ्यावी लागते का? वाईट बातमी आली असती तर रडले तरी असते. ही तर बातमीच नाही. देवाजवळ नक्की काय मागायचं तेसुद्धा समजत नाही.

परवा घरी आले तर अंगात ताप असताना हे ढोलकीच्या दोऱ्या ताणत बसलेले. मी चिडले. म्हटलं, कसली स्तुती करताय, आधी रिपोर्ट तर येऊ द्या. हे म्हणाले, "रविवार काय रिपोर्टवर येतो का?" आणि मी भांडी आपटत आत गेले.

---

विजयी_जीवन_७७
सोमवार, रात्री ११:१५

प्रेज द लॉर्ड सिस्टर. प्रॉब्लेम रिपोर्टमध्ये नाही, विश्वासात आहे. तुम्ही ऑगस्टमध्ये विजय घोषित केला आणि नंतर संशय घेतला, म्हणून सैतानाला दार मिळालं. स्तुती सुरू ठेवा, बरे झालेच आहेत असं धरून चाला आणि गोळ्या बंद करून दाखवा. स्तुतीपुढे यरीहोच्या भिंती पडल्या.

---

ढोलकीवाल्याची_बायको
सोमवार, रात्री ११:३२

भाऊ, बाकी काय म्हणायचं ते म्हणा, गोळ्या बंद करा हे इथे लिहू नका. मी १९ वर्षं लोकांच्या घरी जाऊन गोळ्या गिळल्या का ते बघतेय. मध्येच सोडून दिलेल्यांपैकी एक जण परत आला तो असा, की साध्या औषधांना दाद देईना. ४० किलोचा झाला होता माणूस. विश्वास त्याचाही होता, कुठल्याशा सभेतून आला होता. ॲडमिननी ही पोस्ट बघावी.

---

ॲडमिन
मंगळवार, सकाळी ७:०५

औषध बंद करण्याचा सल्ला इथे चालणार नाही. उत्तर दिसावं म्हणून पोस्ट ठेवली आहे. पुढच्या वेळी काढली जाईल.

---

निवृत्त_पाळक_मिरज
मंगळवार, सकाळी ९:२०

बाई, सलाम. ३४ वर्षं व्यासपीठावर काढली, त्यात 'स्तुती करा' हे वाक्य मी किती वेळा फेकलं असेल याची मोजदाद नाही. आता गुडघे गेलेत, पहिल्या बाकावर बसून दुसऱ्यांचे उपदेश ऐकतो, तेव्हा कळतं की ऐकणाऱ्याला ते कुठे लागतं.

तुम्हाला एक रात्र आठवून देतो. मत्तय २६:३०. भोजन झालं, भाकर मोडून झाली, आणि गीत गाऊन ते जैतुनांच्या डोंगराकडे निघाले. एवढी एकच ओळ. आपण ती ओलांडून थेट गेथशेमाने बागेत पोहोचतो. वल्हांडणाच्या जेवणाला यहुदी लोक ११३ ते ११८ ही स्तोत्रं म्हणत, तेव्हा प्रभूने त्या रात्री गाइलं ते यातलंच असणार. ११८ वं काढून वाचा. परमेश्वराची उपकारस्तुती करा, त्याची दया सनातन आहे, याने सुरू होतं आणि यानेच संपतं. ते गाऊन माणूस बागेत गेला आणि तासाभरात जमिनीवर पालथा पडून म्हणाला, हा प्याला टळून जावो. तीनदा म्हणाला.

गाणं खोटं होतं का? की गाइल्यानंतर असं मागणं हा संशय होता? वरच्या भावांच्या हिशेबाने प्रभूनेसुद्धा सैतानाला दार उघडून दिलं म्हणायचं.

ऑगस्टच्या साक्षीबद्दल. ताप उतरला होता ना? थर्मामीटर तुमच्याच हातात होता. तेवढ्याबद्दल उपकार मानले ते खरेच होते, मागे काय घ्यायचं? चुकलं असेल तर एवढंच, की तुम्ही पुढच्या महिन्यांचंही तेव्हाच बोलून टाकलंत. तो दोष निम्मा आम्हा पाळकांचा. साक्षीला शेवट लागतो, शेवट गोड लागतो, अशी सवय आम्हीच मंडळीला लावली. मधल्या पानावरची साक्ष कोणी मागतच नाही.

आणि स्तोत्र १३ बघा. सहाच ओव्या. पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा 'कोठवर?' आहे. हे मंडळीत गायला लिहिलेलं आहे, वर मुख्य गवयाचं नाव घातलंय. म्हणजे कोणा वाजवणाऱ्याने त्या 'कोठवर'ला साथ केलीच असेल. तुमच्या मालकांना सांगा.

---

शब्बाथशाळा_शिक्षक
मंगळवार, दुपारी १:५०

रेव्हरंड साहेब, मान राखून विचारतो. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात 'सर्व स्थितीत' उपकारस्तुती करा आहे, ते ठीक. पण इफिसकरांस ५:२० मध्ये 'सर्व गोष्टींबद्दल' म्हटलंय. मग गाठीबद्दलही आलंच की. वचनाला बगल देऊन कसं चालेल?

---

निवृत्त_पाळक_मिरज
मंगळवार, सायंकाळी ६:१०

प्रश्न रास्त आहे. बगल देत नाही, पण लिहिणारा कसा जगला तेही बघा. त्याच पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली, २ करिंथ १२. आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याचा सोबती एपफ्रदीत आजारी पडून मरायला टेकला होता, तेव्हा पौलाने काय लिहिलं? देवाने त्याच्यावर दया केली, आणि माझ्यावरही, मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून. आजाराला तो दुःखच म्हणतो. आजाराबद्दल उपकार मानलेले मला तरी त्या पत्रात सापडले नाहीत, आणि ते सगळं पत्र आनंद करा, आनंद करा म्हणत तुरुंगातून लिहिलेलं आहे. इफिसच्या ओवीचा अर्थ लावताना हा माणूस समोर ठेवा, एवढंच माझं म्हणणं. बाकी तुम्ही आणि मी सावकाश भांडू, बाईंना रविवार गाठायचा आहे.

---

दौंडची_सुनबाई
मंगळवार, रात्री ९:४५

ताई, मी पण लिहू का? मला वचनं अशी पाठ येत नाहीत.

माझे मिस्टर २०१९ मध्ये गेले. त्याआधी आठ महिने आमचंही असंच, हा डॉक्टर हे म्हणतो, तो ते. त्या आठ महिन्यांत मी काय केलं सांगू? रस्त्यात कोणीही विचारलं की 'प्रभूच्या कृपेने ठीक'. भाजीवालीला ठीक, पाळकसाहेबांना ठीक, सासूबाईंना ठीक. नंतर महिला मंडळात एकदा शूनेमकरणीचा, म्हणजे शूनेम गावच्या बाईचा धडा निघाला, २ राजे ४. तिचं पोरगं मांडीवर मेलंय. ती गाढवावर बसून अलीशा संदेष्ट्याकडे निघते. वाटेत त्याचा चाकर गेहजी धावत येऊन विचारतो, तू बरी आहेस का, नवरा बरा आहे का, मुलगा बरा आहे का? ती म्हणते, ठीक. आणि अलीशा भेटल्याबरोबर त्याचे पाय धरते आणि म्हणते, मी मुलगा मागितला होता का? मला फसवू नका असं मी म्हटलं नव्हतं का?

मी त्या दिवशी इतकी रडले की बायकांनी धडा बंद केला. कारण मी गेहजीलाही ठीक म्हटलं होतं आणि प्रभूलाही ठीक म्हटलं होतं. पाय कधी धरलेच नाहीत.

हे गेल्यावर दीड वर्ष मी गाऊ शकले नाही. चर्चला जायचे, शेवटच्या बाकावर. गीताचं पुस्तक उघडून धरायचे, ओठ बंद. पण बाकीचे गात होते ना, ते कानावर पडायचं. ते बंद पडलं असतं तर माझं काय झालं असतं कोण जाणे. म्हणून तुमच्या मिस्टरांना ढोलकी वाजवू द्या. शेवटच्या बाकावर कोण बसलंय ते त्यांना दिसत नसतं.

अजून एक. मी केडगावची, म्हणजे नगरच्या वेशीवरचं केडगाव नव्हे, आमचं दौंडजवळचं, मुक्ती मिशनचं. लहानपणी पंडिता रमाबाईंचं ऐकत आलो ते सगळं मोठं मोठं, दुष्काळातून मुली आणल्या, बायबलचं मराठी भाषांतर केलं. पण हे गेल्यावर मला एकच गोष्ट डोक्यात बसली. आईवडील दुष्काळात गेले, नवरा लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पटकीने गेला, आणि शेवटी मनोरमा, एकुलती एक मुलगी, जिच्या हाती सगळं काम द्यायचं होतं, ती १९२१ मध्ये गेली. बाई स्वतः १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. मधले ते आठ-नऊ महिने. त्या महिन्यांत त्या सकाळी उठून काय म्हणत असतील? तिथल्या झाडाखाली बसून मी हाच विचार करते. उत्तर काही येत नाही, पण बसायला बरं वाटतं.

---

वसईकर_डॉमनिक
बुधवार, सकाळी ६:३०

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे साक्ष द्यायची पद्धत तशी नाही, म्हणून त्याबद्दल काय बोलू? पण माझी आई सांगायची, डोकं चालत नसेल तेव्हा स्वतःचे शब्द शोधायचे नाहीत, तयार असलेले घ्यायचे. ती रोझरी हातात घ्यायची आणि झोप लागेपर्यंत म्हणायची. सकाळी माळ उशाखाली सापडायची, अर्धीच झालेली. तुम्हीही स्तोत्र नुसतं वाचून दाखवा. साक्ष तुमची, शब्द दाविदाचे. मालकांसाठी आज मिस्सात प्रार्थना करतो.

---

ढोलकीवाल्याची_बायको
बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचं वाचलं. दौंडच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. ह्यांना वाचून दाखवलं तर ह्यांनी फक्त एवढं विचारलं, "गाढवावर बसून किती लांब गेली ती?" नकाशात शोधलं, शूनेमपासून कर्मेल डोंगर. लांबच आहे. भर उन्हात, सुगीच्या दिवसांत. पोरगं शेतावर कापणी करणाऱ्यांत गेलं होतं, तिथेच डोकं दुखायला लागलं असं लिहिलंय. सुगीच्या सणाला हा धडा कोणी कधी घेतलेला मी ऐकला नाही.

अध्यक्षीणबाईंना आज फोन करून सांगितलं, साक्ष देत नाही, स्तोत्र १३ वाचते. त्या जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, सणाला 'कोठवर' बरं दिसेल का? मी म्हटलं, सहाच ओव्या आहेत.

रिपोर्ट नाही.

---

विजयी_जीवन_७७
बुधवार, रात्री ११:००

सिस्टर, गोळ्यांचं लिहायला नको होतं. माझ्या वडिलांच्या वेळी आम्हाला असंच सांगितलं होतं आणि आम्ही ऐकलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. प्रार्थना करतो.

---

ढोलकीवाल्याची_बायको
रविवार, रात्री ८:५०

भाऊ, तुमचं तेव्हाच वाचलं होतं. काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून आज लिहिते. वडिलांचं वाईट वाटलं.

आज सण झाला. वेदीपुढे बाजरीची कणसं, कपाशीची बोंडं, कांद्याच्या माळा, दोन कोंबड्या, त्यातली एक पाळकांच्या प्रार्थनेत सबंध वेळ बोलत होती. आमच्या घरचं डांगर होतं.

मी वाचायला उभी राहिले. पहिल्या दोन ओव्या नीट झाल्या. तिसरीत, मला मृत्युनिद्रा लागू नये म्हणून माझे डोळे सतेज कर, असं आहे. तिथे ह्यांच्याकडे बघितलं आणि आवाज गेला. मी एएनएम आहे हो, मी किती लोकांना असली बातमी सांगितलीय. पण गेला. कोणी खोकलंसुद्धा नाही. दोन मिनिटं तरी मी नुसती उभी होते. मग पुढच्या बाकावरून त्याच आजी, ऑगस्टमध्ये मुके घेणाऱ्या, बसल्या जागेवरून पुढच्या ओव्या म्हणायला लागल्या. त्यांना वाचता येत नाही, पाठ आहे. 'मी परमेश्वराला गीत गाईन' इथपर्यंत त्यांनी नेलं. मी नाही म्हटलं ते. माझ्याकडून झालं ते 'कोठवर' आणि तिसऱ्या ओवीचा अर्धा भाग.

भजनाला हे खुर्चीवर बसले, खाली मांडी घालवत नाही आता. ढोलकी मांडीवर. लय नेहमीपेक्षा सावकाश होती, पेटीवाल्या मुलाला दोनदा थांबावं लागलं. तिसऱ्या भजनाला शर्ट पाठीला चिकटलेला दिसत होता, मला उठून त्यांना थांबवावंसं वाटलं. नाही थांबवलं. शेवटचा बाक आठवला. मागे वळून बघितलं तर तिथे आमच्याच गावची एक मुलगी बसली होती, माहेरी परत आलेली, तिच्याशी कोणी फारसं बोलत नाही. ओठ बंद होते. पायाच्या बोटाने ताल चालला होता.

नंतर लिलाव. डांगर ६५० ला गेलं. बाजारात ६० ला कोणी घेतलं नसतं. घेणाऱ्याने ते परत आमच्याच गाडीत ठेवलं, म्हणाला, ताई भाजी करा आणि अर्धी पाठवा.

घरी येऊन ह्यांचा ताप बघितला, १००.८. मी काही बोलले नाही, ह्यांनीही विचारलं नाही. संध्याकाळी लॅबमधून फोन, गाठीच्या नमुन्याला अजून काही रंग लावून बघायचेत, मंगळवारी येऊन डॉक्टरांना भेटा. म्हणजे अजूनही तेच. रात्री गोळ्या दिल्या. मग मी ह्यांच्या पायाशी बसले आणि पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं, प्रभू, मी हे मागितलं होतं का? हे जागे होते. त्यांनी आमेन म्हटलं. मला हसू आलं, कारण ह्यांना बहुतेक नेहमीची प्रार्थनाच वाटली असणार.

मंगळवारी पहाटे ५:४० च्या एसटीने पुण्याला निघतोय. एक काम आहे. आज वाजवताना ढोलकीची शाई एका बाजूने निघाली, बोल बसका येतोय. हे म्हणतात, पुण्याला चाललोच आहोत तर ढोलकी बरोबर घेऊ. वाकडेवाडीच्या स्टँडपासून जवळपास शाई भरून देणारा कोणाला माहीत आहे का? संध्याकाळच्या परतीच्या गाडीआधी मिळायला हवी.